जंगल उत्पादकतेचं मॉडेल आर-स्क्वेअर ०.९ देतं आणि शेजारच्या डिव्हिजनमध्ये झोपतं: कुठं काय तपासायचं

लक्षणं जवळजवळ सगळ्यांची सारखीच असतात. सह्याद्री नाहीतर विदर्भातलं जंगल घेतलं, नासाच्या मोडिस या उपग्रह-सेन्सरवरून एनपीपी (झाडांचं श्वसन वजा जाता उरलेली निव्वळ उत्पादकता) काढला, वर्ल्डक्लिमचे बायोक्लिम (तापमान-पावसाचे तयार नकाशे), सॉइलग्रिड्सची माती, एनडीव्हीआय (हिरवेपणाचा निर्देशांक), उंची, उतार असं सगळं एका टेबलात कोंबलं, रँडम फॉरेस्ट (शेकडो निर्णयवृक्षांची सरासरी घेणारी मशीन लर्निंगची पद्धत) चालवलं आणि आर-स्क्वेअर (अंदाज डेटाशी किती जुळतो त्याचा आकडा, १ म्हणजे तंतोतंत) ०.९ च्या वर. गाईड खूश. मग तेच मॉडेल शेजारच्या डिव्हिजनवर (वनविभागावर) टाकलं की ०.२, कधीकधी तर मायनसमध्ये. त्यात भर म्हणजे पावसाचा संबंध उलटा निघतो, पाऊस वाढला की उत्पादकता घटते असं मॉडेल सांगतं, आणि माती इम्पॉर्टन्सच्या (कुठलं व्हेरिएबल किती महत्त्वाचं त्या) तक्त्यात पार तळाला जाऊन बसते. मग ट्री ५०० चे १००० करून बघायचे, एक्सजीबूस्ट हा दुसरा अल्गोरिदम लावून बघायचं, आणखी वीस व्हेरिएबल ओतायचे, हे सगळे उद्योग होतात आणि चार आठवडे जातात. अल्गोरिदमला हात लावू नका. ज्या रास्टरला (पिक्सेलच्या नकाशाला) तुम्ही उत्पादकता म्हणताय ते रास्टर आधी उघडून बघा, निम्म्याहून जास्त वेळा गडबड तिथंच सापडते.

पहिल्यांदा फालतू कारणं बाद करू, ती पटकन होतात. एमओडी17 हे मोडिसचं उत्पादकतेचं प्रॉडक्ट, त्याचा वार्षिक एनपीपी कच्च्या एचडीएफ फाइलमधून घेतला असेल तर स्केल फॅक्टर ०.०००१ आहे आणि एकक आहे किलो कार्बन प्रति चौरस मीटर प्रति वर्ष. यात ३२७६१ ते ३२७६७ हे आकडे उत्पादकतेचे नाहीतच, ते शहर, पाणी, उजाड जमीन, डेटा नाही वगैरेचे कोड आहेत. हे कोड मास्क न करता, म्हणजे न वगळता, गुणाकार केला की नकाशात ३.२७६ च्या आसपासची मूल्यं येतात, आणि अख्ख्या सातारा जिल्ह्यात सगळ्यात उत्पादक "जंगल" कोयनेचं शिवसागर जलाशय निघतं. हे मी अतिशयोक्ती करत नाहीये, असे नकाशे खरंच रिपोर्टात बघायला मिळतात. मास्क हा नकाशा रिप्रोजेक्ट करायच्या, म्हणजे दुसऱ्या प्रक्षेपात न्यायच्या, आधी करा, नंतर नको, कारण बायलिनियरने, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेऊन, रिसॅम्पल केलं की पाण्याचा कोड काठावरच्या जंगलाच्या पिक्सेलमध्ये मिसळतो आणि मग तो वेगळा ओळखूच येत नाही. आणि ८ दिवसांचा जीपीपी (श्वसन वजा न केलेली एकूण उत्पादकता) वापरताय तर ते मूल्य ८ दिवसांची बेरीज असतं, रोजचं नसतं, वर्षाच्या शेवटच्या तुकड्यात तर ५ किंवा ६ दिवसच येतात.

प्लॉटचा डेटा असेल तर दुसरी एक जागा. आपल्याकडे वनविभागाचे लोक टेपने गोलाई मोजतात, तीही १.३७ मीटर उंचीवर, आणि बायोमासच्या समीकरणाला व्यास लागतो. गोलाईच व्यास म्हणून घातली तर बायोमास साधारण पंधरा-सतरा पट फुगतो, कारण व्यासाचा घात अडीचच्या आसपास असतो आणि पायचा अडीचवा घात साडेसतरा होतो. पूर्ण डेटाच असा असला तर लगेच लक्षात येतं हो, पण दोन रेंजचा (वनपरिक्षेत्रांचा) डेटा गोलाईत आणि तिसऱ्याचा व्यासात असा मिश्र आला की मॉडेल बिचारं त्या फरकाला हवामान समजून बसतं.

आणि साठा म्हणजे उत्पादकता नव्हे. हेक्टरी किती घनमीटर लाकूड उभं आहे हा साठा झाला, वर्षाला किती वाढतंय ही उत्पादकता. जुन्या देवराईत साठा प्रचंड आणि लाकडाची वाढ जेमतेम असू शकते, पंधरा वर्षांच्या साग रोपवनात नेमकं उलटं. एकदाच मोजलेल्या प्लॉटवरून उत्पादकतेचं मॉडेल करता येत नाही, त्याच झाडांची किमान दोन मोजमापं पाहिजेत. एकदाच मोजलेलं असेल आणि रोपवनाचं वय माहीत असेल तर वय आणि वरच्या झाडांची उंची यावरून साइट क्वालिटी (जागेची वाढ देण्याची ताकद) काढणं हा जुना पण प्रामाणिक मार्ग आहे, फॉरेस्ट्रीवाले तो कित्येक दशकं वापरतायत.

आता मुख्य मुद्द्यावर येऊ.

एमओडी17 चा एनपीपी कुणी मोजलेला नाहीये, तो हिशोब करून काढलेला आहे. मूळ कल्पना मॉन्टिथची, १९७२ ची: पानांनी जेवढा प्रकाश शोषला त्याला एका कार्यक्षमतेने गुणलं की वाढ मिळते. मोडिसमध्ये ही कार्यक्षमता जंगलाच्या प्रकारानुसार एका तक्त्यातून येते, मग दिवसाचं किमान तापमान आणि हवेचा कोरडेपणा, म्हणजे व्हीपीडी, बघून ती कमी केली जाते, पानांचा भाग उपग्रहाच्या एफपारमधून (पानांनी शोषलेल्या प्रकाशाचा हिस्सा) येतो आणि हवामान येतं रीअ‍ॅनालिसिसमधून, म्हणजे नोंदी आणि हवामान-मॉडेल जुळवून केलेल्या पुनर्रचनेतून, जिची जाळी साधारण अर्ध्या अंशाची, म्हणजे पन्नासेक किलोमीटरची. आता तुमच्या एक्स मध्ये (एक्स म्हणजे मॉडेलला दिलेली व्हेरिएबल, वाय म्हणजे ज्याचा अंदाज करायचा ते) काय आहे बघा: एनडीव्हीआय, तापमान, लँडकव्हर, व्हीपीडीशी घट्ट बांधलेला पाऊस. म्हणजे नासाने जे समीकरण लिहून ठेवलंय तेच तुम्ही रँडम फॉरेस्टकडून पुन्हा शोधून घेतलं, मग ०.९५ नाही येणार तर काय येणार. आणि माती? त्या समीकरणात माती नावाचा कुठलाच इनपुट नाहीये, जमिनीतला ओलावाही नाही, एफपारमधून आडवाटेने जेवढी येईल तेवढीच. ज्या भाजीत मीठ घातलंच नाही ती चाखून स्वयंपाकात मिठाला महत्त्व नाही म्हणण्यासारखं आहे हे. "हवामान हा प्रमुख घटक, मातीचा प्रभाव नगण्य" असा निष्कर्ष या वाय वर काढला असेल तर तो जंगलाबद्दल काहीच सांगत नाही, तो त्या प्रॉडक्टच्या रेसिपीबद्दल सांगतो.

एक्स च्या बाजूलाही हाच घोळ आहे, आणि तिकडं कुणी बघत नाही. सॉइलग्रिड्सची २५० मीटरची माती ही खड्ड्यांच्या नोंदींवरून मशीन लर्निंगने पसरवलेली आहे आणि पसरवताना हवामान, भूरूप आणि वनस्पती निर्देशांक हेच आधाराला घेतलेत. वर्ल्डक्लिमच्या दुसऱ्या आवृत्तीत स्टेशनांच्या मधली जागा भरताना उंचीसोबत मोडिसचं पृष्ठभाग तापमान आणि ढगांचं प्रमाण वापरलंय. म्हणजे तीन वेगवेगळे स्रोत वाटतात पण आतून एकमेकांचे नातेवाईक आहेत, त्यामुळे "माती विरुद्ध हवामान" अशी विभागणी करून टक्केवारी देणं अवघडच होतं, परम्युटेशन इम्पॉर्टन्स तर अशा जोडीदार व्हेरिएबलांमध्ये महत्त्व वाटून टाकतं आणि दोन्ही किरकोळ दिसतात.

उपाय काय? वाय असा घ्या ज्यात तुमचे एक्स आधीच शिजलेले नाहीत. जीपीपी हवा असेल तर सिफ, म्हणजे पानांचा फ्लोरेसन्स (प्रकाशसंश्लेषण करताना पानं सोडतात तो मंद प्रकाश), ओसीओ-२ उपग्रहाचा २०१४ पासून आहे, ट्रोपोमी सेन्सरचा २०१८ पासून, जाळी जाडी आहे पण मोजमाप स्वतंत्र आहे. लाकडाची वाढ हवी असेल तर पुन्हा मोजलेले प्लॉट. एमओडी17 वापरायचाच असेल तर निदान एनडीव्हीआय, ईव्हीआय, एलएआय हे हिरवेपणाचे आणि पानांचे निर्देशांक एक्स मधून काढा आणि प्रश्न बदला. आणि शक्य तिथं फ्लक्स टॉवरशी (जंगल आणि हवेतली कार्बनची देवाणघेवाण मोजणारा मनोरा) ताडून बघा, भारतात जंगलातले फ्लक्स टॉवर मोजकेच आहेत पण महाराष्ट्राच्या हद्दीला लागून बैतूलला सागाच्या मिश्र जंगलात एनआरएससीचा (इस्रोच्या रिमोट सेन्सिंग केंद्राचा) आहे, मेळघाटवर काम करणाऱ्याला याहून जवळचा आधार मिळणार नाही.

पाऊस उलटा का येतो

हा प्रश्न सह्याद्रीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला पडतो आणि बहुतेक जण डेटा चुकीचा आहे असं समजून पाऊस बदलून बघतात, आयएमडीचा (हवामान खात्याचा) काढून चिर्प्स, चिर्प्स काढून ईआरए५-लँड असे एकामागून एक पावसाचे डेटासेट. डेटा बहुतेक वेळा बरोबर असतो, वार्षिक पाऊस हे व्हेरिएबलच तिथं निकामी असतं.

साधा हिशोब करा. समजा एका ठिकाणी मुळांच्या आवाक्यातली माती १०० मिमी पाणी धरते, पातळ, मुरमाड, खाली जांभा नाहीतर बेसॉल्ट. दुसऱ्या ठिकाणी खोल माती, २५० मिमी धरते. ऑक्टोबरच्या मध्याला पाऊस संपला, रोजचं बाष्पोत्सर्जन ४ मिमी धरा. पहिल्या ठिकाणचं पाणी २५ दिवसांत खलास, दुसऱ्या ठिकाणी दोन महिने पुरतं. आता पहिल्या ठिकाणी पावसाळ्यात ५००० मिमी पडला काय आणि २००० मिमी पडला काय, टाकी १०० मिमीचीच आहे, उरलेलं सगळं ओढ्याने कोकणात. महाराष्ट्राच्या घाटात कोरडे महिने सात-आठ असतात, केरळात जाताजाता ते कमी होत जातात, म्हणून एवढाच किंवा कमी वार्षिक पाऊस असूनही दक्षिणेकडं उंच सदाहरित जंगल दिसतं आणि इकडं महाबळेश्वरला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस असून अंजन, जांभूळ, पिसा यांचं बुटकं जंगल. कासच्या बाजूचे सडे तर पाऊस भरपूर आणि झाड नाही, कारण जांभ्यावर मातीचा थर बोटभर. मॉडेलला हे सगळे पिक्सेल दिसतात ते "भरपूर पाऊस, कमी उत्पादकता" असे. त्याचं काही चुकत नाही, त्याला टाकीचा आकार तुम्ही सांगितलेला नाहीये.

त्यात ढग. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर स्वच्छ पिक्सेल मिळणं मुश्कील, म्हणून गॅप-फिल्ड आवृत्तीत खराब एफपार आधीच्या-नंतरच्या चांगल्या मूल्यांवरून भरलेला असतो, आणि जास्त पाऊस म्हणजे जास्त ढग म्हणजे जास्त भरलेला डेटा असा थेट पक्षपात बसतो. शिवाय ढगांमुळे प्रकाश खरोखरच कमी पडतो, पाणी मुबलक असताना जंगल उजेडासाठी अडतं, आणि घाटात प्रकाशसंश्लेषणाचा जोर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-नोव्हेंबरच्या सुमारास येतो. म्हणजे पाऊस-उत्पादकता उलट्या संबंधातला काही भाग खरा पण आहे, सगळाच आर्टिफॅक्ट म्हणून झटकू नका. क्यूसी (पिक्सेलचा दर्जा सांगणारा) लेयर उघडा आणि भरलेल्या पिक्सेलचं प्रमाण स्वतंत्र व्हेरिएबल म्हणून नकाशावर टाका, ते पावसाच्या नकाशासारखं दिसलं की समजायचं.

वार्षिक पावसाऐवजी काय? कोरड्या महिन्यांची संख्या, म्हणजे ज्या महिन्यात पाऊस बाष्पोत्सर्जनाच्या मागणीपेक्षा कमी, किंवा त्याहून चांगलं म्हणजे पाण्याची वार्षिक तूट. टेराक्लायमेट या हवामान डेटासेटमध्ये ती तयार मिळते, जाळी साधारण ४ किमी, १९५८ पासून, पण त्यातली मातीची टाकी त्यांची आहे, घाटात ती फसते, म्हणून मासिक पाऊस आणि पीईटी (बाष्पोत्सर्जनाची मागणी) घेऊन स्वतःच बकेट मॉडेल, म्हणजे वरच्या टाकीचाच महिनेवार हिशोब, चालवा, दहा ओळींचा कोड आहे. मातीची खोली कुठून आणायची हा खरा त्रास. सॉइलग्रिड्स सहा थर देतं, थेट २ मीटरपर्यंत, आणि खाली कातळ ३० सेंटीमीटरवर असला तरी १००-२०० सेंटीमीटरच्या थराला क्ले आणि कार्बनचे आकडे असतातच, त्यामुळे सहाही थरांची बेरीज करून पाणीधारण क्षमता काढली की सडासुद्धा खोल मातीचा होतो. नागपूरच्या एनबीएसएस या मृदा सर्वेक्षण संस्थेच्या नकाशांत खोलीचे वर्ग दिलेले असतात, स्केल जाडं आहे, पण घाटासाठी ते जास्त विश्वासाचं. सॉइलग्रिड्सची एककंही तपासा, पीएच दहाने गुणलेला, सेंद्रिय कार्बन डेसिग्रॅम प्रति किलो, क्ले ग्रॅम प्रति किलो, घनता सेंटिग्रॅम प्रति घन सेमी.

विदर्भात गोष्ट वेगळी आहे. तिकडं पाऊस खरंच आखडता घटक आहे. जुनं मायामी मॉडेल घ्या, १९७० च्या दशकातलं, लीथचं, दोन ओळींचं: पावसावरून एनपीपी म्हणजे ३००० गुणिले (१ वजा ई चा उणे ०.०००६६४ पाऊस घात), आणि तापमानावरून ३००० भागिले (१ अधिक ई चा १.३१५ वजा ०.११९ तापमान घात), दोन्हीतलं लहान ते खरं, एकक ग्रॅम कोरडं वजन प्रति चौरस मीटर. १२५० मिमी आणि २७ अंश घातलं, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडचं ढोबळ चित्र, तर पावसाने १६९० च्या आसपास आणि तापमानाने २६०० येतं, पाऊस अडवतोय. ५६०० मिमी आणि २० अंश घातलं तर पावसाने २९२७, तापमानाने २२३१, म्हणजे पाऊस संपृक्त, आता कितीही वाढवा. कार्बनमध्ये न्यायचं तर ०.४५ ते ०.५ ने गुणा. हे मॉडेल काही आजच्या कामाचं नाही, त्यात माती नाही, ऋतू नाही, पण तुमचं भारी मॉडेल चंद्रपूरला याच्या तिप्पट किंवा पाव काही देत असेल तर पुढं जाऊ नका. आणि घाट व विदर्भ एकाच रेषीय रिग्रेशनमध्ये टाकून पावसाला एकच सहगुणक मागणं बंद करा, गॅम (वळणदार संबंध धरणारं रिग्रेशन) लावा, पाऊस आणि पाणीधारण क्षमता यांचा इंटरॅक्शन (एकत्रित परिणाम) द्या.

बायोक्लिममधले सापळे

अंदाजाच्या नकाशावर सरळ रेषेत कापल्यासारखी धार दिसतेय? बायो८, ९, १८, १९ काढून टाका. बायो१८ म्हणजे सर्वात उष्ण तिमाहीतला पाऊस, आपल्याकडं ही तिमाही कुठं मार्च-मे तर कुठं एप्रिल-जून पडते, आणि जून आत आला की कोकणात शेकडो मिमी एकदम वाढतात, शेजारच्या पिक्सेलला काही नाही. जंगलाला अशी कुठलीच रेघ माहीत नसते. वर्ल्डक्लिम १९७० ते २००० ची सरासरी आहे हेही लक्षात असू द्या, २०१५ च्या एनपीपीला ती लावून "दुष्काळाचा परिणाम" काढणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

वर्षाचाच घोळ अजून एक आहे. एमओडी17 चं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. आपलं जंगल चालतं जून ते मे. २०१६ च्या एनपीपीत जानेवारी-मार्च २०१६ ची वाढ आहे, ती २०१५ च्या पावसावर झालेली, आणि २०१५ चा मान्सून देशभरात सरासरीच्या ८६ टक्केच होता, त्याच्या आधीचा २०१४ चा ८८. त्याच वर्षाचा पाऊस आणि त्याच वर्षाचा एनपीपी जुळवला की संबंध फिका पडतो आणि लोक म्हणतात जंगल पावसाला प्रतिसादच देत नाही. ८ दिवसांचे तुकडे घेऊन जून ते मे अशी बेरीज करा, आणि मागच्या वर्षीचा पाऊसही एक्स मध्ये ठेवून बघा, कारण झाडं साठवणीवर जगतात, सागाच्या वाढकड्यांमध्ये हे दिसतं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत त्यावर बरंच काम झालेलं आहे.

मग ते ०.९ गेलं कुठं

रँडम दहा-फोल्ड क्रॉस व्हॅलिडेशन, म्हणजे पिक्सेल कसेही दहा गटांत वाटायचे, नऊवर ट्रेन करायचं आणि दहाव्यावर टेस्ट. टेस्टमधला पिक्सेल ट्रेनिंगमधल्या पिक्सेलच्या पाचशे मीटरवर आहे, तो ओळखणं काय कठीण. आयएमडीची पावसाची जाळी पाव अंशाची, म्हणजे एका सेलमध्ये मोडिसचे तीन हजारांहून जास्त पिक्सेल आणि सगळ्यांना एकच पाऊस, आणि घाटात तर त्या एका सेलमध्ये कोकणचा पायथा, माथा आणि पूर्वेकडचा पर्जन्यछायेचा तुकडा असं सगळं बसतं. तुमच्या टेबलात लाख ओळी असल्या तरी पावसाची वेगळी मूल्यं तीस-चाळीसच असतील. २०२० मध्ये मध्य आफ्रिकेतल्या जंगलांच्या बायोमासवर हे दाखवून झालंय, रँडम व्हॅलिडेशनने ०.५३ देणारं रँडम फॉरेस्ट, अंतर राखून तपासल्यावर जवळपास शून्यावर आलं, आणि तिथं लाखो झाडांची मोजमापं होती.

रेसिड्युअलचा (खरं मूल्य वजा अंदाज) व्हेरिओग्राम, म्हणजे अंतर वाढेल तसा फरक किती वाढतो त्याचा आलेख, काढा, तो जिथं सपाट होतो त्यापेक्षा मोठे ब्लॉक घ्या, आर या प्रोग्रामिंग भाषेत त्यासाठी ब्लॉकसीव्ही पॅकेज आहे. मला स्वतःला त्याहून सोपं आणि कडक वाटतं ते म्हणजे एक अख्खं वनविभाग बाहेर ठेवणं: सावंतवाडी बाहेर ठेवून कोल्हापूर-सातारा-रोह्यावर ट्रेन, मग उलट. आर-स्क्वेअर ०.४ वर येईल, येऊ द्या. व्हेरिएबल निवडतानाही हेच फोल्ड वापरा, नाहीतर टेस्टमधल्या माहितीची गळती तिथूनच आत शिरते. कास्ट पॅकेजमधलं एरिया ऑफ अ‍ॅप्लिकेबिलिटी चालवलं की नकाशाच्या कुठल्या भागात मॉडेलने असं काही कधी पाहिलेलंच नाही ते कळतं, तो भाग राखाडी करून टाका.

हे सगळं झाल्यावरही रेसिड्युअलच्या नकाशात ठिगळं उरतात. ती हवामानाची नसतात, माणसाची आणि किड्यांची असतात. फेब्रुवारी ते मे वणवे, बांबूची तोड, बांबू फुलून एका झटक्यात वाळलेला पट्टा, तेंदूसाठी छाटलेली झुडपं, पावसाळ्याच्या सुरुवातीला सागाची पानं फस्त करणारी अळी, जिच्यामुळं ऐन जुलैत एनडीव्हीआय घसरतो आणि आपण त्याला ढग समजतो. काळ्या चिकण, निचरा नसलेल्या जमिनीवर रोपवनातला साग खुरटतो तेही इथं दिसतं, क्ले जास्त म्हणजे पाणी जास्त एवढंच मॉडेलला माहीत असतं. कोकणात ठिगळ दिसलं तर आधी ती आंबा-काजूची बाग नाही ना बघा, एफएसआयच्या (भारतीय वन सर्वेक्षणाच्या) वनाच्छादनात एक हेक्टरच्या वरच्या आणि १० टक्के छत्राच्या बागाही मोजल्या जातात, मालकी कुणाची का असेना.

वणव्याची नोंदवही आणि कूपतोडीचा तपशील रेंज ऑफिसात कक्षनिहाय (कक्ष म्हणजे जंगलाचा आखून दिलेला तुकडा) असतो, पत्र देऊन मागा. सोबत कक्षांच्या हद्दीची शेपफाइल मिळाली तर ती थेट ओव्हरले करू नका, जुन्या टोपोशीटवरून काढलेल्या हद्दी एव्हरेस्ट डेटमवर (जुन्या भारतीय नकाशांच्या संदर्भ-पद्धतीवर) असतात आणि डब्ल्यूजीएस८४ वर (जीपीएसच्या पद्धतीवर) नुसत्या टाकल्या की जळालेल्या कक्षाच्या कडेला बाजूचे न जळालेले पिक्सेल येतील इतपत सरकतात. दोन-तीन तलावांच्या काठाशी आणि रस्त्यांच्या फाट्यांशी जुळवून बघा, मगच एक्सट्रॅक्ट चालवून कक्षांची मूल्यं काढा.